पाच सेकंदांची शांतता

"करडे, आपल्या कॅसेटमध्ये ही कोण बाई कुजबुजतेय?"

लिमयेसाहेबांचा फोन सकाळी दहाला आला. खाली आळीत हातोड्यांचा दणदणाट सुरू होता. रिसीव्हर एका कानाला आणि बोट दुसऱ्या कानात, अशा अवस्थेत मी विचारलं, "कोणती कॅसेट?"

"तिसरी. अनेकवचनांची. येरवड्याच्या एका शाळेतून तक्रार आलीय. मुली हेडफोन लावायला तयार नाहीत. म्हणतात, आतली बाई उत्तर आधीच सांगते."

"आधी म्हणजे?"

"आधी म्हणजे आधी! प्रश्न झाला, की मुलीनं तोंड उघडायच्या आत कुणीतरी कानात हळूच उत्तर सांगतं. अहो, पेपर फोडणारी कॅसेट मी मागितली नव्हती. दोन मुली रडल्या म्हणे. बघा जाऊन."

आणि फोन बंद. लिमये प्रकाशक होते. शब्द छापण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, बोलण्यात ते एकही शब्द वाया घालवत नसत.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. आता निवृत्त आहे, पण ही गोष्ट कॅसेटच्या जमान्यातली. आमचं घर कसबा पेठेत, तांबटांच्या आळीत. वडील तांबट होते, धाकटा भाऊ खाली अजून दुकान चालवायचा. पातेल्यावर टिचकी मारून पत्रा कुठे पातळ आहे ते वडील सांगायचे. तो कान माझ्याकडे आला, हातोडी आली नाही. मी घराच्या वरच्या मजल्यावर पत्र्याखाली स्टुडिओ काढला. तांबट आळीत रेकॉर्डिंग स्टुडिओ काढणाऱ्या माणसाबद्दल लोक काय बोलत असतील ते मला माहीत आहे. पण जागा घरची होती, आणि दुपारी दीड ते तीन सगळी आळी जेवून आडवी होत असे. तेवढ्या दीड तासात मी माझं पोट भरलं.

त्या दीड तासातच लिमयेंचा सहा कॅसेटचा संच झाला होता. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी. आवाज वत्सला पोंक्षे यांचा. पोंक्षे बाई नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढरी सुती साडी, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या मुलानं झोपेतून उठून उभं राहावं. तिसऱ्या कॅसेटवर नियमाबाहेरची अनेकवचनं होती. म्हणजे इंग्रजीत बहुतेक शब्दांना शेवटी एस लावला की काम भागतं. काही शब्द मात्र ऐकत नाहीत. ऑक्सचं ऑक्सन, गूसचं गीस, चाइल्डचं चिल्ड्रेन. त्यात काही बाहेरून आलेले शब्द, लॅटिनमधले वगैरे. ते आपल्या माहेरच्या रीतीनंच चालतात. फॉर्म्युलाचं फॉर्म्युली, इंडेक्सचं इंडायसेस, सिलॅबसचं सिलॅबाय.

बाई म्हणायच्या, "वन ऑक्स. टू..." मग शांतता. त्या शांततेत ऐकणाऱ्या मुलानं उत्तर द्यायचं. मग बाई स्वतः म्हणायच्या, "ऑक्सन." म्हणजे मुलाला आपलं बरोबर की चूक ते कळायचं.

ती शांतता पाच सेकंदांची होती. मी तीन सुचवली होती. टेप वाचते.

"पाच," बाई म्हणाल्या. "आमच्या मुलांना विचार करायला वेळ लागतो, करडे. घाईनं बोलणारी मुलं मूर्ख असतात आणि घाई करणारे मास्तर त्याहून."

त्यापुढे मी काही सुचवलं नाही. काचेपलीकडच्या खोलीत बसून त्या पाच सेकंद स्वतः मोजायच्या. उजवा हात टेबलावर उपडा, आणि करंगळीपासून एकेक बोट आत घ्यायच्या. अंगठा मिटला की उत्तर. ओठ घट्ट बंद, श्वाससुद्धा रोखलेला. एवढी काटेकोर शांतता मी दुसऱ्या कुणाकडून रेकॉर्ड केलेली नाही.

पुढे काही वर्षं संच चांगला चालला. मग शाळांची पत्रं येऊ लागली की काही अनेकवचनं आता जुनी झाली. ऑक्सनला कुणी हात लावला नव्हता, चिल्ड्रेनलाही नाही. पण फॉर्म्युलीऐवजी लोक सरळ फॉर्म्युलाज म्हणत होते, इंडायसेसऐवजी इंडेक्सेस, सिलॅबायऐवजी सिलॅबसेस. नव्या पुस्तकांतही तसंच होतं. लिमयेंनी संच सुधारायचं ठरवलं. तोवर बाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"सगळं नव्यानं करायचं नाही," लिमये म्हणाले. "बदललेले शब्द तेवढे घाला."

"बाई कुठून आणू?"

"मुलगी आहे ना. आवाज आईसारखाच आहे. तीही इंग्रजीच शिकवते."

नंदिनीताई पोंक्षे. पस्तिशीच्या, अविवाहित, आईच्याच घरात राहणाऱ्या. आवाज सारखा होता पण हुबेहूब नव्हता. आईच्या आवाजात छडी होती, हिच्या आवाजात नव्हती. चाललं असतं. एप्रिलमध्ये त्यांच्याकडून बदललेले शब्द म्हणवून घेतले. जुनी टेप ब्लेडनं कापायची, जुना शब्द काढायचा, नवा शब्द असलेला तुकडा त्या जागी चिकटपट्टीनं जोडायचा, असं ते काम. पहिल्या चार कॅसेट तशा झाल्या. पाचवी आणि सहावी मात्र पूर्ण नव्यानं करायच्या होत्या, नंदिनीताईंच्या आवाजात. त्यासाठी गणपतीच्या आत रेकॉर्डिंग संपवणं भाग होतं. गणपती बसले की कसब्यात दहा दिवस माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तिथे मायक्रोफोनचं काय.

आणि ऐन श्रावणात हा फोन.

मी येरवड्याला गेलो. शाळेतल्या बाईंनी मला एका रिकाम्या वर्गात बसवलं, टेपरेकॉर्डर आणि हेडफोन दिले आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. बाहेर मधली सुट्टी चालू होती.

कॅसेट लावली. पोंक्षे बाईंचा आवाज. "वन ऑक्स. टू..." मग शांतता, आणि त्या शांततेत, खूप लांबून, कुणीतरी म्हणालं, "ऑक्सन." मग नेहमीच्या आवाजात बाई म्हणाल्या, "ऑक्सन."

मी पुढे गेलो. गूस, माऊस, चाइल्ड. प्रत्येक ठिकाणी आधी ती कुजबुज, मग बाई.

मग आलं, "वन फॉर्म्युला. टू..."

शांततेत कुजबुज आली, "फॉर्म्युली." आणि त्यानंतर नंदिनीताई मोठ्यानं म्हणाल्या, "फॉर्म्युलाज."

मी हेडफोन काढला. तो शब्द मी स्वतःच्या हातानं कापून टोपलीत टाकला होता. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण अंगावर काटा आला तो आलाच. पुन्हा लावलं. इंडेक्सच्या वेळी कुजबुज म्हणाली, "इंडायसेस." मुलगी म्हणाली, "इंडेक्सेस." सिलॅबसलाही तेच. मेलेली बाई आधी हळूच आपलं जुनं उत्तर सांगत होती आणि जिवंत मुलगी तिच्यावर मोठ्यानं दुसरं म्हणत होती.

"ऐकू आलं ना?" दारातल्या बाई म्हणाल्या.

"आलं."

"मग ही कॅसेट घेऊन जा. आम्हाला नको इथे."

स्टुडिओत परत आलो. आधी ज्या-ज्या साध्या शंका असतात त्या काढल्या. कॅसेट जुनी, पुसून पुन्हा वापरलेली होती का? नाही, कोरी होती. दुसरी कॅसेट लावली, तेच. म्हणजे दोष मास्टरमध्ये. मास्टर म्हणजे मूळ टेपचं रीळ, ज्याच्यावरून सगळ्या कॅसेट निघतात. हातोड्या थांबेपर्यंत मास्टर ऐकण्यात अर्थ नव्हता. दीड वाजता आळी शांत झाली, तेव्हा रीळ चढवलं आणि आवाज पूर्ण वाढवला. कुजबुज होती, पण अगदी पुसट. कॅसेटवर ती एवढी ठळक का, ते लक्षात आलं. आमच्या कॉपी काढणाऱ्याचं मशीन आवाज आपोआप सारखा करायचं. बोलणं मोठं असलं तर दाबायचं, शांतता आली की काहीतरी ऐकू यावं म्हणून वर खेचायचं. त्या मशीनला शांततेतून जे सापडलं ते त्यानं वर खेचलं होतं.

पण ते तिथे आलं कुठून, हे उरलंच.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. त्या दिवशी नंदिनीताईंचं पाचव्या कॅसेटचं रेकॉर्डिंग होतं, हे मी साफ विसरलो होतो. त्या आत आल्या, माझ्याकडे आणि फिरणाऱ्या रिळाकडे पाहिलं.

"तुम्हीही ऐकलंत," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कधी ऐकलंत?"

"आठवडा झाला. मी शाळेत वर्गात लावली होती. मुलांना कळलं नाही, मला कळलं. करडेकाका, मी आठवडाभर झोपलेले नाही. मी पुढच्या कॅसेट करणार नाही. हे सांगायलाच आले."

"बसा आधी."

"आईला आवडलेलं नाही."

"नंदिनीताई, टेपला आवडनिवड नसते."

"तुम्हाला माहीत नाही." त्या बसल्या नाहीत. पर्स छातीशी धरून उभ्याच राहिल्या. "आई जायच्या आधी तीन आठवडे आमचं याच शब्दांवरून भांडण झालं. मी काढलेला सहामाहीचा पेपर तिनं घेतला आणि लाल पेन्सिलनं सुधारला. फॉर्म्युलाजचं फॉर्म्युली केलं. पन्नास मुलांना वाटायचा पेपर! ती म्हणाली, पाहुणा शब्द घरी आला तर त्याची रीत सांभाळावी. मी म्हटलं, इतकी वर्षं राहिलाय तो, आता घरचाच झाला. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी म्हटलं, आई, तुझं इंग्रजी आता काचेच्या कपाटात ठेवायचं झालंय."

"मग?"

"मग काही नाही. त्यानंतर ती चहा झालाय, दूधवाला आलाय, एवढंच बोलायची. मीही तेवढंच. आणि एका सकाळी ती उठलीच नाही. आणि मी काय केलं? तिचेच शब्द कापून तिथे माझे घातले. तुम्ही मला सांगा, ती गप्प बसेल?"

मला चीड आली. बाईंवर नाही, मुलीवर नाही, स्वतःवर. माझ्या रिळातून निघालेल्या एका दोषामुळे एक शहाणी बाई वेडी व्हायच्या बेतात होती. मी म्हटलं, "दोन दिवस द्या. नाही सापडलं तर पुढचं काही करू नका. मीही करणार नाही."

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी स्टॉपवॉच घेऊन बसलो. कुजबुज आणि खरा शब्द यांच्यामध्ये किती वेळ जातो ते प्रत्येक ठिकाणी मोजलं. पहिल्या शब्दाला कुजबुज सव्वाचार सेकंद आधी येत होती. पुढे चार. मग पावणेचार, साडेतीन. शेवटच्या शब्दाला जेमतेम तीन. हळूहळू, एकसारखी कमी होत गेलेली. कागदावर आकडे पाहिले आणि मला हसू आलं, तेही फार आनंदाचं नाही. रुसलेला आत्मा असा हिशेबानं जवळ येत नाही. असं फक्त एकच गोष्ट वागते, गुंडाळलेलं रीळ. बाहेरचा वेढा मोठा, आतला लहान.

याला आमच्या धंद्यात प्रिंट-थ्रू म्हणतात. टेप म्हणजे लोहचुंबकाचा लेप दिलेली पट्टी. ती रिळावर एकावर एक अशी गुंडाळलेली असते. वर्षानुवर्षं तशीच राहिली तर एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो. शाई ओली असताना वही मिटली की समोरच्या पानावर डाग उमटतो, तसंच. बाई "फॉर्म्युली" म्हणाल्या तो वेढा, आणि त्याच्या नेमका वरचा वेढा म्हणजे आधीची शांतता. बाईंनी प्रत्येक उत्तराआधी पाच सेकंद राखले होते आणि पडसाद त्या पाचांच्या आत येऊन पडला होता. तीन सेकंदांवर मी अडून बसलो असतो तर बराचसा प्रकार कुणाला कळलाही नसता.

आता चुका. पहिली, रीळ वाजवून झालं की उलटं गुंडाळून न ठेवता टेपचा शेवट बाहेर राहील असं ठेवायचं असतं. मग पडसाद उमटला तरी जोराचा पडसाद शब्दाच्या नंतर येतो, आणि मोठ्या आवाजाच्या पाठोपाठ आलेली कुजबुज कानाला जाणवत नाही. मी ते रीळ सुरुवात बाहेर ठेवून पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात ठेवलं होतं, कारण पुन्हा वाजवायला सोपं जातं. उन्हाळ्यात ते कपाट तापतं, आणि उष्णतेनं हा प्रकार वाढतो.

दुसरी चूक मी हुशारी समजून केली होती. नवे शब्द जोडताना मी शांतता जुनीच ठेवली. कोरी टेप जोडली की कानाला एकदम खड्ड्यात पाय पडल्यासारखं होतं. खोलीच्या शांततेलाही स्वतःचा आवाज असतो. मी म्हटलं, बाईंनी एवढी मोजून दिलेली शांतता आहे, ती कशाला टाकायची? शब्द कापला. पण शब्दाची सावली शांततेत राहून गेली होती, ती कापायची मला सुचली नाही.

तिसऱ्या दिवशी नंदिनीताई आल्या. मी रीळ काढून वेढे दाखवले, आकडे दाखवले, वही मिटून दाखवली. त्या शिक्षिका होत्या, पटकन समजलं. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"म्हणजे हे सगळं ती हयात असतानाच उमटलेलं?"

"बहुतेक सगळं. तेव्हा तुमचं भांडणही झालेलं नसेल."

त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग म्हणाल्या, "मग दुसरं काय आहे?"

"दुसरं कोणतं?"

"फॉर्म्युलाच्या तिथे. दोनदा आहे ना. तुम्ही ऐकलं नाहीत?"

मी ते ठिकाण लावलं. आळी झोपलेली होती. खाली एक कबूतर घुमत होतं, ते थांबेपर्यंत थांबलो. आवाज पूर्ण वाढवला.

"वन फॉर्म्युला. टू..."

"फॉर्म्युली," कुजबुज म्हणाली. आणि एका सेकंदानं, आणखी पुसट, आणखी लांबून, तीच बाई म्हणाली, "फॉर्म्युलाज."

मी येरवड्याला पहिल्या कुजबुजीनंच एवढा हादरलो होतो की दुसरी ऐकलीच नव्हती. आता पुन्हा ऐकली. पुन्हा. आवाज पोंक्षे बाईंचा होता, त्यात मला तिळमात्र शंका नव्हती. आणि पोंक्षे बाई माझ्या टेपवर तो शब्द एकदाही म्हणाल्या नव्हत्या. कुठल्याही टेपवर म्हणाल्या नसत्या. शाईचा डाग पडायला आधी कुणीतरी अक्षर लिहायला लागतं.

मी रीळ थांबवलं.

नंदिनीताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या घाबरलेल्या नव्हत्या. "आधी तिचं म्हणाली," त्या म्हणाल्या. "आणि मग माझं. करडेकाका, तिनं मान्य केलं."

मी त्यांना थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी लिमयेंचा फोन. मी सगळं सांगितलं.

"छानच की," लिमये म्हणाले. "आई म्हणाली तर म्हणाली. मुलगी कॅसेट करायला तयार आहे ना?"

"आता आनंदानं तयार आहे."

"मग तुम्हाला काय अडलंय? गणपती दहा दिवसांवर आलेत."

"ते कुठून आलं ते मला कळलेलं नाही."

"करडे, तुम्हाला सगळं कळलंच पाहिजे असं संचाच्या वेष्टनावर छापलेलं नाही."

मला मात्र ते छापल्यासारखंच वाटत होतं. रेकॉर्डिंगची वही काढली. प्रत्येक टेकची, म्हणजे प्रत्येक वेळी म्हणवून घेतलेल्या शब्दाची नोंद मी त्यात करतो. एप्रिलमधलं पान उघडलं. नंदिनीताईंचा पहिलाच शब्द होता फॉर्म्युलाज. पुढे माझ्याच अक्षरात, "लेव्हल जास्त. काटा लाल पट्ट्यात. चालेल." पहिला शब्द म्हणून त्या जोरात बोलल्या होत्या, आणि आवाजाचं बटण मी अजून नीट लावलेलं नव्हतं. जेवढा आवाज मोठा, तेवढा पडसाद जोराचा. जुनं मास्टर मोठ्या रिळावर होतं. सुधारलेलं मी छोट्या रिळावर घेतलं होतं, तिथे वेढा लहान. तेच छोटं रीळ आख्खा मे महिना त्याच तापलेल्या कपाटात पडून होतं. खाली हातोड्या चालू होत्या, म्हणून कुजबुज ठळक असलेली कॅसेटच हेडफोनवर लावली आणि स्टॉपवॉच घेतलं. पहिली कुजबुज साडेतीन सेकंद आधी, मोठ्या रिळाच्या मापानं. दुसरी अडीच सेकंद आधी. छोटं रीळ मोजलं. त्या जागी एक वेढा बरोबर अडीच सेकंदांचा.

दुसरी कुजबुज नंदिनीताईंचीच होती.

तास-दीड तास मी तसाच बसून राहिलो. गप्प राहिलो असतो तर सगळ्यांचंच भलं होतं. लिमयेंना कॅसेट मिळाली असती, नंदिनीताईंना आई. मी चूक केली होती आणि त्या चुकीतून एका माणसाला समाधान मिळत होतं, हे धंद्यात वारंवार होत नाही. पण खाली हातोडी चालू होती. आमचे वडील भांड्याला जोड असेल तर तो गिऱ्हाईकाला बोट ठेवून दाखवायचे आणि मगच भांडं द्यायचे. गिऱ्हाईक कधीकधी नाराज होऊन जायचं. तरी दाखवायचे.

दीड वाजता नंदिनीताई आल्या. नवी साडी नेसून, हसतमुखानं. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं, बसलो असतो तर जमलं नसतं.

"दुसरा आवाज तुमचा आहे."

त्यांचं हसू गेलं. "नाही. मी आईचा आवाज ओळखते."

"मीही ओळखतो. तरी तुमचाच आहे."

"माझा आवाज असा नाही, काका."

मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं आणि फॉर्म्युलाज म्हणायला लावलं, एप्रिलमध्ये म्हणाल्या होत्या तसं जोरात. मग त्या बाहेर आल्या. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि तेच रेकॉर्डिंग आवाज अगदी तळाशी नेऊन, टेपच्या खरखरीच्या खाली दाबून ऐकवलं.

त्या ऐकत राहिल्या. मग हेडफोनवर दोन्ही हात दाबले. म्हणाल्या, "परत."

मी परत लावलं. तीनदा लावलं. आवाज उतरवला की त्यातला नंदिनीताईंचा भाग आधी संपत होता. खाली जे उरत होतं ते पोंक्षे बाईंचं होतं.

"म्हणजे ती काही म्हणाली नाही," हेडफोन काढत त्या म्हणाल्या.

"नाही."

त्या रडल्या. चांगल्या मोठ्यानं, हुंदके देऊन. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो, दुसरं काय करणार? मला फार वाईट वाटत होतं. माझ्या हातानं मी एका बाईला दोनदा पोरकं केलं असं वाटत होतं.

"पण आवाज तिचाच आहे," मागून त्या म्हणाल्या.

"हो. तेवढा तिचाच आहे."

"मी फॉर्म्युलाज म्हटलं, तरी तिचाच."

"हो."

त्यांनी पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चाळीस मिनिटं उरलीत. हातोड्या सुरू व्हायच्या आत सुरुवात तरी करू." आवाजात छडी होती. मला ती पहिल्यांदाच ऐकू आली.

त्या आत जाऊन बसल्या. मी म्हटलं, "आधी मला शांतता हवी. जुन्या सगळ्या काढून टाकायच्यात. काही बोलू नका. मी खूण केली की फक्त पाच सेकंद बसा."

टेप सुरू केली, खूण केली आणि काचेतून पाहिलं. नंदिनीताईंनी उजवा हात टेबलावर उपडा ठेवला. ओठ घट्ट मिटले. मग करंगळी आत घेतली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. मी मशीनचं बटण धरून तसाच उभा राहिलो. अंगठा मिटला आणि त्यांनी वर पाहिलं.

नंतर मी विचारलं, "आई अशी मोजायची ते पाहिलं होतं का तुम्ही?"

"कशी?" त्या म्हणाल्या. "मी काही मोजलं का?"

मी विषय तिथेच सोडला. याचं कारण मी आजवर शोधलेलं नाही. घरात पाहिलं असेल, वर्गात पाहिलं असेल, आणि लक्षात राहिलं नसेल. असं होत असेल.

कॅसेट गणपतीच्या दोन दिवस आधी झाल्या. तिसरीच्या नव्या प्रती शाळांना बदलून दिल्या. येरवड्याच्या बाईंनी पुन्हा तक्रार केली नाही. लिमयेंनी कॅसेट ऐकून फोन केला, "आता काहीच ऐकू येत नाही," आणि ठेवला. ते कौतुक होतं असं मी धरून चालतो.

कापलेल्या जुन्या शांतता मी फेकल्या नाहीत. एकाला एक जोडून एक बोटभर रीळ झालं. त्यात मोठ्या आवाजातला एकही शब्द नाही, नुसत्या कुजबुजी. नंदिनीताईंनी ते नेलं नाही. "तुमच्याकडेच असू द्या, माझ्याकडे आहे," एवढंच म्हणाल्या. ते रीळ माझ्याकडे अजून आहे, आता कपाटात नाही, गार कोनाड्यात. या धंद्यात येणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगत आलो. रीळ शेवट बाहेर ठेवून ठेवा. पडसाद कुणाचाच चुकत नाही, पण तो माणसाच्या नंतर यावा. आधी आला की लोक घाबरतात.